इंधन वाचवू इच्छिणाऱ्या घरमालकांसाठी

न्यूयॉर्कमध्ये भाड्याची इमारत बाळगून असलेल्या सुज्ञ घरमालकांनो, घरे तापवायचे तेल महाग झाले आहे आणि भाडेकरू नाजूक झाले आहेत. तेव्हा आपल्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगाव्यात, असे क्वीन्समधल्या आमच्या इमारतीत गेला आठवडा काढल्यावर वाटू लागले आहे.

१ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, बाहेरचे तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेले की सकाळी ६ ते रात्री १० घरात किमान ६८ अंश, आणि रात्री बाहेर काहीही असले तरी किमान ६२ अंश राखावेत, असा शहराचा नियम आहे. तो पाळायचा नसला तरी पाठ असावा, कारण भाडेकरूंना तो पाठ असतो.

इमारत तापवणाऱ्या तळघरातल्या बॉयलरला चालू-बंद करणारा तापमानाचा सेन्सर त्या बॉयलरच्याच डोक्यावरच्या घरात बसवावा. तिथे बारा महिने कोकणातला मे नांदतो.

तक्रारीला मुळीच घाबरू नये. भाडेकरूने ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या क्रमांकाला, फोन केला की शहराचे गृहनिर्माण खाते आधी इमारतीच्या व्यवस्थापनाला कळवते आणि निरीक्षक पाठवण्यापूर्वी भाडेकरूला फोन करून हीट, म्हणजे बॉयलरची ऊब, आली का, असे विचारते. या मधल्या वेळेत बॉयलर चालू करावा. बॉयलरच्या वाफेने खोली तापवणारा रेडिएटर ठणठणू लागला, वाफ फुसफुसली, की काकडलेला भाबडा माणूस ‘हो, आली’ असे खरे ते सांगून टाकतो आणि तक्रार बंद होते, तासाभराने बॉयलरही. आमच्याकडे हा प्रयोग इतक्या सफाईने पार पडला की घरातला तापमापक ५७ दाखवत होता, विरजण लावलेले दूध सकाळी दूधच होते, शेजारच्या आजी कोट घालून झोपत होत्या, आणि सरकारदप्तरी मात्र आमची इमारत उबदार होती!

फारच कुरकुर झाली, तर विजेचा हीटर घेण्याचा प्रेमळ सल्ला द्यावा. बॉयलरचे तेल तुमच्या खिशातून जाते, हीटरची वीज भाडेकरूच्या मीटरवर चढते.

आणि तो हीटर पेटला तर? ९ जानेवारी २०२२ रोजी ब्रॉन्क्समधल्या ट्विन पार्क्स इमारतीत विजेच्या हीटरमुळे आग लागली, आपोआप बंद व्हायला हवी होती ती दारे उघडी राहिली, आणि धुराने १७ माणसे गेली. त्यांत ८ मुले होती. यापुढे मला थट्टा जमत नाही. हीटचे पैसे आम्ही भाड्यातच भरलेले आहेत, त्यामुळे तुम्ही जे करता त्याला काटकसर म्हणत नाहीत, चोरी म्हणतात. तळघरात जा, बॉयलर चालू करा, आणि खात्याचा फोन येऊन गेला म्हणून तो पुन्हा बंद करू नका.