रंग बदलतो तो उजेडाने, उबेने नव्हे
जूनच्या जन्मरत्नावरील या लेखात अलेक्झांड्राइटचा रंग अंगाच्या उबेने बदलतो असे म्हटले आहे, ते कृपया दुरुस्त करावे. हा खडा क्रिसोबेरिल या खनिजाचा प्रकार (आपला लसण्याही त्याच कुळातला) असून त्यातील अत्यल्प क्रोमियम पिवळा प्रकाश शोषून घेते आणि हिरवा व तांबडा तेवढा जाऊ देते. त्यामुळे दिवसाच्या उजेडात तो हिरवट, तर तांबड्या किरणांचे प्रमाण अधिक असलेल्या मेणबत्तीच्या किंवा जुन्या पिवळ्या बल्बच्या प्रकाशात जांभळट लाल दिसतो.

मुलीच्या वाढदिवसासाठी इतवारीच्या सराफ्यात ‘अस्सल’ म्हणून दाखवलेली एक अंगठी मी भर दुपारी दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहिली. खड्यात हिरवी छटा मुळीच नव्हती, तो निळसर करडाच राहिला आणि गल्ल्यामागच्या देवापुढील दिव्यापाशी धरताच जांभळा झाला. व्हॅनेडियम हा धातू घातलेल्या कृत्रिम कुरुंदाची (माणिक-नीलम ज्या खनिजाचे असतात त्याची) ही नेहमीची खूण आहे. किंमतही, खरे तर, संशय यावा इतकी कमी होती. प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागितल्यावर दुकानदारांनी विषय पुष्कराजाकडे वळवला.