ईजीआर बुजवला तो पास, ठेवला तो नापास

डोकं सणकलंय, म्हणून लिहितोय.

पहाटे टोमॅटोचे क्रेट उतरवले आणि रिकामी पिकअप घेऊन थेट पीयूसीवाल्याकडे गेलो. गाडी 2018 ची, डिझेलची, बीएस-४ म्हणजे प्रदूषणाच्या भारत स्टेज-४ नियमातली. पोराने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली आणि म्हणाला, "काका, फुल रेस द्या." एकदा नाही, लागोपाठ चार-पाच वेळा! सात वर्षं घाट चढलेलं इंजिन ते, बोंबलायला लागलं. वर भिंतीवर पाटी: तपासणीत इंजिनाला काही झाल्यास मालक जबाबदार. वा रे वा.

धुराच्या काळेपणाचं रीडिंग आलं 1.9. बीएस-४ डिझेलला मर्यादा 1.62. नापास.

मेकॅनिकने खोललं तर ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकलेला. आत बोट घातलं तर डांबरासारखा काळा थर. हा व्हॉल्व्ह जळालेला धूर थोडा परत इंजिनात सोडतो, त्याने आतली उष्णता कमी होते आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. चांगलं आहे, माझी ना नाही. पण तीच काजळी त्याच्याच नरड्यात बसते त्याचं काय? गेल्या साली साफ केला होता, या साली मेला. नवा 14,500 रुपये, मजुरी 1,500. टोमॅटोला क्रेटमागे 100 रुपये मिळालेत. म्हणजे 160 क्रेट एका व्हॉल्व्हच्या घशात! गाडीत एका वेळी 70 बसतात, हिशोब तुम्हीच करा.

मेकॅनिक हळूच म्हणाला, "दादा, पत्रा मारू का? दोनशे रुपयांत काम."

आमच्या शेजाऱ्याने तेच केलंय. माझ्याच सालची, माझ्याच मॉडेलची गाडी. ईजीआरच्या वाटेवर पत्र्याचा तुकडा ठोकला आणि पीयूसीत रीडिंग 0.8! कारण ते मशीन डिझेलच्या गाडीत फक्त धुराचा काळेपणा मोजतं. ज्या वायूसाठी हा व्हॉल्व्ह गाडीला लावलाय, तो वायू तिथे कुणी मोजतच नाही. व्हॉल्व्ह बंद केला की काजळी कमी, तो वायू जास्त, आणि हातात सर्टिफिकेट. कंपनीने दिलेली वस्तू जागेवर ठेवणारा मी मात्र नापास. याला काय म्हणायचं सांगा!

आणि हो, पीयूसी नसली तर कायद्यात 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. गाडीत असा फेरफार करणंही बेकायदाच. पण बॉनेट उघडून तो पत्रा बघायला आजवर एक माणूस आला असेल तर शपथ. हवालदार मोबाईलवर तारीख बघतो आणि जा म्हणतो. पलीकडच्या पीयूसी टपरीवाल्याने तर मला विचारलं, "नळी कशाला घालताय, नंबर प्लेटचा फोटो काढू ना नुसता?"

नाही काढू दिला. का नाही दिला, ते घरी बायकोला अजून सांगता आलेलं नाही.

शेवटी नवा व्हॉल्व्ह बसवला. परत नळी, परत फुल रेस, परत माझ्या पोटात गोळा. रीडिंग 1.1. पास. पार्किंगमध्ये शेजारी भेटला, दात काढत विचारतो, "कितीला पडला?"