‘फर्निचरवाली’ आयलीन ग्रे: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. माझ्या लेखावरचं तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विसाव्या शतकातली आयरिश डिझायनर आयलीन ग्रे ही मुळात फर्निचरवाली, मी तिला उगाच वास्तुकार करून ठेवलं, आणि २००९च्या लिलावात तिची खुर्ची गाजली नसती तर तिला कुणी विचारलंही नसतं.

लिलावाचं आधी संपवतो. त्या ड्रॅगन खुर्चीला जवळपास २ कोटी १९ लाख युरो आले, खरं आहे. पण वास्तुकलेचा इतिहासकार जोसेफ रिक्वर्टने ‘दोमुस’ या इटालियन वास्तुकला-मासिकात तिच्यावर लिहिलं ते १९६८ साली. १९७२मध्ये फॅशन डिझायनर आणि कलासंग्राहक झाक दूसेचा संग्रह विकायला निघाला तेव्हाही तिचा लॅकरचा (लाखेसारख्या चकचकीत थराचा) घडीचा पडदा भाव खाऊन गेला. तेव्हा बाई ९४ वर्षांच्या होत्या.

आता मुद्द्याचं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून इथे १९२६ ते २९ या काळात उभं राहिलेलं ‘इ-१०२७’ हे घर बघा. दारातून आत आलं की दिवाणखाना लगेच दिसत नाही. मध्ये एक आडोसा येतो, त्यातच टोप्या-छत्र्या ठेवायची सोय. शेजारी अक्षरं रंगवलेली, ‘सावकाश आत या’. हा आडोसा भिंत की कपाट? तुम्हीच ठरवा, मला अजून ठरवता आलेलं नाही. किंवा तिचं ते प्रसिद्ध टेबल घ्या. स्टीलची नळी, वर गोल काच, उंची कमीजास्त करता येते आणि पाया एका बाजूने मोकळा, म्हणून पलंगाखाली सरकतो. अंथरुणातच न्याहारी करणाऱ्या बहिणीची सोय बघून केलेलं. माणूस कुठे बसतो, कुठे हात टेकतो, इथून सुरुवात करून ती भिंतीपर्यंत पोचली. तुम्ही ज्याला तिची मर्यादा म्हणता, तिथेच मला तिची वास्तुकला दिसते.

तिने बांधलेल्या वास्तू बोटांवर मोजण्याइतक्या, हे मान्य. बरंचसं काम कागदावरच राहिलं. आणि एक चूक पूर्णपणे माझी: लेखात मी हे घर तिने ‘एकटीने’ उभारलं असं लिहिलं होतं. तिचा जोडीदार, वास्तुकार झाँ बादोविचीचा वाटा त्यात आहेच, तो घराच्या नावातच लपलाय: इ म्हणजे आयलीन, १० म्हणजे इंग्रजी वर्णमालेतलं दहावं अक्षर जे, २ बी, ७ जी. त्याची आद्याक्षरं तिच्या आद्याक्षरांच्या मध्ये. ‘एकटीने’ हा शब्द लेखातून काढला आहे.