समुद्र बाहेर गेलाय

आमच्या घरात सहलीचं सामान बाबा, म्हणजे माझे सासरे, ठरवतात. विमानात माणशी पंधरा किलो हे कळल्यावर ते रद्दीवाल्याकडून ताणकाटा मागून घेऊन आले आणि दिवाळीचे चार दिवस फराळाच्या डब्यांसकट सगळ्यांच्या बॅगा त्याला टांगत बसले. "समुद्रावर कोणी बूट घालतं का?" असं म्हणून सातही जणांचे बूट बाद झाले. माणशी चपलांचा एक जोड, तोही पायात. वाचलेल्या वजनात आत्यांनी एक शेंडीचा नारळ बसवला.

"आत्या, अंदमानात नारळच नारळ आहेत हो."

"असतील. समुद्राला त्याच्याच दारातला उचलून द्यायचा? आपल्या घरचा नको?"

आत्यांचं घर डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर. घरचा नारळ म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडचा. पण नवऱ्याच्या आत्येशी वाद घालायची आमच्यात पद्धत नाही, त्यामुळे नारळ निघाला.

भाऊबीज आटोपून आम्ही रात्री दीडला घर सोडलं. मुंबईहून चेन्नई, तिथे अडीच तास खुर्च्यांवर लवंडणं, मग पुढचं विमान. उतरायची वेळ झाली तसा विमानात एकच गलका उठला. खाली म्हणे पोपटी पाणी, मग मोरपंखी, मग गर्द निळं. खिडकीसाठी घरापासून भांडत आलेले आमचे चिरंजीव त्याच खिडकीला गाल चिकटवून, तोंड उघडं टाकून झोपले होते. मी कडेच्या सीटवर. अंदमानचा समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो पुढच्या गृहस्थांच्या मोबाइलमध्ये.

उतरल्यावर लेकीने पाट्या वाचून जाहीर केलं की आपण चुकीच्या गावी आलोय. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 साली श्री विजयपुरम झालं हे तिला माहीत नव्हतं. आम्हाला जायचं होतं हॅवलॉकला, ते 2018च्या अखेरीपासून स्वराज द्वीप. तिकिटावर नवी नावं, टॅक्सीवाल्याच्या तोंडी जुनी आणि बाबांच्या तोंडी दोन्ही, आलटून पालटून. त्यामुळे धक्क्यावर पोचेपर्यंत आईंचा समज झाला होता की आज चार गावं करायची आहेत.

बोटीत तरी समुद्र भेटेल असं वाटलं होतं. पण ही बोट म्हणजे पाण्यावरची वातानुकूलित एसटी. बंद काचा, रांगेने खुर्च्या, समोर टीव्हीवर जोरजोरात हिंदी गाणी. वेग इतका की काचांवर सतत पाण्याचे फटकारे, बाहेरचं काही दिसायचं नाव नाही. सुरुवातीलाच एका मुलाने हसतमुखाने कागदी पिशव्या वाटल्या. आईंना वाटलं खाऊचा पुडा आहे. त्यांनी हौसेने उघडून आत पाहिलं, आणि तेवढ्यात शेजारी बसलेल्या त्यांच्या सुपुत्राने ती हातातून ओढून घेतली. पुढचा पाऊणएक तास तो त्या पिशवीतून वर आला नाही. म्हणजे समुद्र त्याला मिळाला तो कागदी पिशवीपुरता.

साडेतीनला हॅवलॉक. इथले समुद्रकिनारे नंबराने ओळखतात. प्रसिद्ध राधानगर म्हणजे सात नंबर, आमचा विजयनगर म्हणजे पाच. "रेशनच्या दुकानासारखं आहे की," आत्या म्हणाल्या. खोल्या समुद्राकडे तोंड करून हव्यात म्हणून आम्ही रोज खोलीमागे हजार रुपये जास्त मोजले होते. चहा वगैरे होऊन सव्वाचारला सगळे नटून, म्हणजे मुलं पोहायच्या कपड्यात आणि आत्या नारळ घेऊन, खोलीच्या मागे आलो.

समोर समुद्र नव्हता.

वाळू होती. वाळूच्या पुढे मेलेल्या पोवळ्यांचे काळपट खडक, त्यांच्यात साचलेली घोटाघोटाएवढी डबकी, डबक्यांत खेकडे. एक होडी चिखलावर कुशीला पडलेली. आणि पार लांब, टॉवेल वाळत घालावा तशी एक निळी पट्टी.

मॅनेजर धावत आला. "पानी गया है सर. आ जाएगा." साहेब जरा बाहेर गेलेत, बसा, अशा सुरात.

बाबांचं आजोळ गुहागरचं. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे त्यांना मुंजीआधीपासून पाठ. "आज तृतीया. तीन पाऊणे सव्वादोन. सव्वादोनला पूर्ण भरती. म्हणजे आत्ता निदान कमरेएवढं पाणी पाहिजेच," ते त्या खेकड्यांकडे बघत ठामपणे म्हणाले. गणित बरोबर होतं. समुद्र वेगळा होता. मोबाइलवर खात्री करावी तर नेट नव्हतं, त्यामुळे चूक समुद्राची ठरली.

मग "आपणच जाऊ पाण्यापाशी" असं म्हणून वरात निघाली. पोवळ्यांचे खडक पायाला लागतात म्हणून चपला घालून, एकमेकांना धरून, आत्या मध्ये नारळासकट. जेमतेम अर्ध्यावर पोचलो आणि दिवे गेले. म्हणजे सूर्य गेला. पाच वाजायच्या आत! हा मुलूख एवढा पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे आपल्याकडे शाळा सुटायच्या वेळेला इथे मिट्ट काळोख. डोंबिवलीत मी अजून दुपारच्या चहाची भांडी विसळत असते हो!

अंधारात चाचपडत मागे आलो. नारळ तसाच राहिला. "आता उद्या. रात्रीचं कोणी देवाला उठवत नाही," आत्या म्हणाल्या. चपला रेतीने आणि चिखलाने बरबटल्या होत्या. खोलीत वाळू आणू नये अशी पाटी होती, आणि बाबा पाट्या पाळणारे गृहस्थ. त्यांनी सातही जोड नळाखाली धुतले आणि वाळूवर आडव्या पडलेल्या एका झाडाच्या बुंध्याशी, उंचीप्रमाणे, ओळीने वाळत ठेवले. त्यांच्या हिशेबाने पुढची भरती रात्री पावणेतीनची, आणि तीसुद्धा इथवर येणार नव्हती, कारण गुहागरला येत नाही.

साडेआठला जेवून आम्ही मेल्यासारखे झोपलो. मध्यरात्री कधीतरी मला खोलीच्या मागे कोणीतरी बादल्या ओतत असल्यासारखा आवाज आला. बाबांना उठवावं असं वाटलं. नाही उठवलं.

सव्वापाचला लख्ख उजाडलं. समुद्र पुन्हा लांब, त्याच निळ्या पट्टीवर, जणू रात्रभर जागचा हललाच नाही. झाडाच्या बुंध्यापाशी ओली, स्वच्छ, गुळगुळीत वाळू. चपला सात जोड, म्हणजे चौदा. त्यातली एक सापडली, मुळात अडकलेली. बाबांची, डावी.

बाबा बराच वेळ तिथेच उभे होते. बोटं मोजत होते.

"नारळ दिला नाही ना काल," आत्या म्हणाल्या, "मग त्याने आपलं आपण घेतलं." आणि अनवाणीच तरातरा खडकांकडे निघाल्या.

मी आणि नवरा अनवाणी रिक्षात बसलो आणि बाजारात गेलो. मापाला म्हणून बाबांची डावी चप्पल पिशवीत. पहिल्याच दुकानात बाहेर रबरी चपलांच्या माळाच्या माळा लटकत होत्या, एवढ्याशा बेटाला इतक्या कशाला लागतात असं वाटावं इतक्या. मालक बंगाली. त्याने आमच्या पायांकडे पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या चपलेकडे पाहिलं, आणि काही विचारायच्या आत स्टूल ओढून वर चढला.

"पाँच नंबर बीच? कल शाम को आए?" वरूनच त्याने विचारलं. "कितने जन हैं?"