मॅक्रोफेज, अँटीबॉडी आणि जांघेतलं अवधाण : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘मॅक्रोफेज जंतू गिळतो, त्याचे तुकडे बी-पेशीला दाखवतो आणि तिला अँटीबॉडी तयार करायला लावतो’ हे माझ्या गेल्या लेखातलं वाक्य तुम्ही साफ चूक ठरवलंत. (मॅक्रोफेज आणि बी-पेशी या दोन्ही शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी; अँटीबॉडी म्हणजे जंतूला चिकटणारं प्रथिन.) तुमचं म्हणणं असं की सुरुवात करून देतात त्या डेंड्रिटिक पेशी (जंतूचे तुकडे इतर पेशींना दाखवणाऱ्या), बी-पेशी अँटिजन (शरीर परकं म्हणून ओळखतं तो पदार्थ) स्वतःच ओळखते, तेव्हा मॅक्रोफेजचा अँटीबॉडीशी काहीच संबंध नाही. आणि बारावीची मुलं असलं वाचून पेपरात गुण घालवतात. वाशीच्या लॅबमध्ये रोज रक्ताचे नमुने हाताळणारे तुम्ही हे लिहिता, म्हणून दोन ओळींत उत्तर उरकणं मला पटेना.

आधी चूक मान्य करतो. बी-पेशीला तुकडे दाखवावे लागत नाहीत. तिच्या अंगावरचा रिसेप्टर (ओळखणारा रेणू) अख्खं अँटिजन ओळखतो. तुकडे लागतात ते टी-पेशीला, म्हणजे बी-पेशीला मदत करणाऱ्या दुसऱ्या रक्षक पेशीला. आणि अजून एकदाही कामाला न लागलेल्या टी-पेशीला जागं करण्यात डेंड्रिटिक पेशीची बरोबरी मॅक्रोफेजला जमत नाही. माझ्या एका वाक्यात दोन वेगळी कामं मिसळली गेली.

पण ‘काहीच संबंध नाही’ हे मी मान्य करणार नाही.

हा घोळ जुना आहे. १९६७ साली डोनाल्ड मोझियर यांनी उंदराच्या प्लीहेतल्या पेशी प्लास्टिकच्या बशीत ठेवल्या. काही तळाला चिकटल्या, काही सुट्या राहिल्या. त्यांत परकं अँटिजन म्हणून मेंढीच्या तांबड्या पेशी घातल्या, तर नुसत्या सुट्यांकडून काम होईना, नुसत्या चिकटलेल्यांकडूनही होईना. दोन्ही एकत्र आल्या तेव्हाच अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार झाल्या. चिकटणाऱ्या म्हणजे मॅक्रोफेज असं तेव्हा धरलं गेलं, आणि माझ्या पिढीने तेच शिकून पुढे शिकवलं. १९७३ मध्ये राल्फ स्टाइनमन आणि झानविल कोन यांनी त्याच चिकटणाऱ्या गर्दीत फांद्या फुटल्यासारख्या, संख्येने अगदी थोड्या, वेगळ्याच पेशी दाखवून दिल्या. याच तुमच्या डेंड्रिटिक पेशी. या कामासाठी स्टाइनमन यांना २०११ चं नोबेल जाहीर झालं, तेव्हा त्यांना जाऊन तीन दिवस झाले होते. हे आठवलं की अजूनही चुटपुट लागते.

आता मॅक्रोफेजची बाजू. मागच्या पावसाळ्यात माझ्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या क्लासचा एक मुलगा येऊरच्या जंगलात गेला आणि टाचेत काटा मोडून आला. चौथ्या दिवशी लंगडत वर्गात शिरला. “सर, आजी म्हणते अवधाण आलंय.” जांघेत सुपारीएवढी दुखरी गाठ. आजीचं बरोबरच होतं. जखम पायाला झाली की गाठ जांघेत येते हे आपल्या घराघरांत ठाऊक असतं. ती गाठ म्हणजे लसीकाग्रंथी. टाचेकडून आलेली लसीका (ऊतींतून झिरपून येणारा पातळ द्रव) तिच्यात शिरते तिथे, आवरणाच्या लगेच खाली, मॅक्रोफेज दाटीने बसलेले असतात. अर्धं अंग प्रवाहात, अर्धं आतल्या बी-पेशींच्या वस्तीकडे. २००७ मध्ये जिवंत उंदरांच्या लसीकाग्रंथींत मायक्रोस्कोपखाली दिसलं की हे मॅक्रोफेज वाहत आलेलं अँटिजन पकडतात, पण लगेच पचवत नाहीत. ते तसंच अंगावर धरून ठेवतात आणि जवळून फिरणाऱ्या बी-पेशी ते उचलून नेतात. जिचं नावच मोठी खादाड असं आहे, ती पेशी इथे घास हातात धरून दुसऱ्यासाठी थांबते. पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

हा एकमेव रस्ता नव्हे; लहान अँटिजन मॅक्रोफेजशिवायही आत पोचतात. मिळालेलं अँटिजन बी-पेशी आत घेते, फोडते आणि तुकडे स्वतःच टी-पेशीला दाखवते. डेंड्रिटिक पेशीने आधी जागी केलेल्या टी-पेशीची साथ मिळाली, की अँटीबॉडी बनवण्याचं काम जोरात सुरू होतं.

बी-पेशी एकटी पुरते, हेही निम्मंच खरं. काही जिवाणूंच्या साखरेच्या आवरणाविरुद्ध ती टी-पेशीवाचून अँटीबॉडी बनवते, पण दोन वर्षांखालच्या बाळांत हा प्रतिसाद फार दुबळा असतो. म्हणून तर बाळांना देतात त्या पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंट लशीतल्या हिब या जिवाणूविरुद्धच्या भागात ती साखर प्रथिनाला जोडलेली असते. प्रथिन आलं की टी-पेशी मदतीला येते.

मुलांच्या गुणांचं तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. मूळ वाक्य काढून आज हे घातलंय: ‘मॅक्रोफेज अँटीबॉडी बनवत नाहीत. लसीकाग्रंथीच्या वेशीवर ते अख्खं अँटिजन बी-पेशींच्या हाती देतात. टी-पेशींना पहिल्यांदा जागं करतात त्या मुख्यतः डेंड्रिटिक पेशी.’ दुरुस्तीची तारीख लेखाच्या माथ्यावर टाकली आहे. सोमवारी वर्गात फळ्यावर ती गाठ पुन्हा काढणार आहे, या वेळी वेशीवरच्या मॅक्रोफेजसकट.