शेकोटीचं तोंड वायव्येला

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत घर बुक केलं, तेव्हा वाटलं होतं की कर्ज मंजूर झालं म्हणजे सुटलो. मग बिल्डरच्या डिझाइन सेंटरची, म्हणजे फरशीपासून नळापर्यंत सगळं निवडायच्या जागेची, वेळ मिळाली. साडेतीन तास, आणि मुलांना शक्यतो आणू नका. मुलांना का नको, ते तिथे गेल्यावर कळलं. फरशीवरून आईबाप एकमेकांचं माहेर-सासर काढतात, ते पोरांच्या कानावर पडू नये.

ओटा, नळ, फरशी कसंबसं उरकलं आणि फायरप्लेसपाशी आमची गाडी रुतली. संगमरवर लावायचा, टाइल, पांढरी वीट की दगड? मुळात टेक्ससात शेकोटी हवीच कशाला, असं मी हळूच विचारून पाहिलं. बायकोने फेब्रुवारी २०२१ काढला. त्या बर्फात वीज गेली आणि भाड्याच्या घरात आम्ही दोन रात्री स्वेटरवर स्वेटर चढवून काढल्या होत्या. मी गप्प.

दगडाचा नमुना घरी आणला आणि कऱ्हाडला व्हिडिओ कॉल लावला. बाबांची सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली.

"वजन किती?"

मी दोन बोटांत धरून दाखवला.

"मग तो दगड नव्हे."

नव्हताच. रंगवलेलं सिमेंट साच्यात ओतलेलं. "आम्ही दगडावर गिलावा करायचो. तुम्ही गिलाव्यावर दगड चिकटवताय," म्हणाले आणि चहाला उठले. फोन आईच्या हातात गेला. तिला दगडाशी देणंघेणं नव्हतं. "अग्नी आग्नेयेला हवा. तुमचा कुठे?" मी मोबाइलवरचं होकायंत्र उघडलं. वायव्य. "वाऱ्याच्या कोपऱ्यात विस्तव? बरं बाई," एवढंच म्हणाली. हे 'बरं बाई' फार महाग पडतं.

शेवटी पांढरी वीट ठरली. आता तिच्यावरची लाकडी फळी. सेंटरमधल्या बाईंनी नियम सांगितला: आगीच्या तोंडापासून सहा इंचांच्या आत लाकूड चालत नाही, आणि फळी जितकी पुढे काढाल तितकी ती वर चढवावी लागते. फळीवर बायकोला गणपती हवा होता आणि त्याच्या वर मला टीव्ही. गणपती ऐसपैस बसायचा म्हणून फळी रुंद झाली, रुंद म्हणून उंच गेली, आणि टीव्ही बघायला आढ्याकडे तोंड करून झोपावं लागेल अशी वेळ आली. टीव्ही बेडरूममध्ये गेला.

मग घरातल्या बिनदाराच्या कमानी. तीन. त्यांच्या कडा गोल की काटकोनी, यावर एक अख्खा रविवार गेला. रंग मात्र पांढरा, त्यावर एकमत. म्हणून मी निर्धास्त होतो. तर समोर पांढऱ्याच्या छटांचा पंखा उलगडला. 'अलाबास्टर' निदान पांढरा दिसत तरी होता. 'स्विस कॉफी' म्हणजे कॉफी टाकायची राहूनच गेलेलं दूध. शिवाय चमक किती? मॅट दिसतो देखणा, पण डाग पुसायला जावं तर डागाबरोबर रंगही निघतो, आणि आमचा धाकटा वरणभाताच्या हाताने कमानीला धरूनच वळण घेतो. म्हणून किंचित चमकणारा सॅटिन घेतला. बायकोला तो दवाखान्यासारखा वाटतो. अजूनही.

दिवाळीला आई-बाबा आले. आईने तिन्ही कमानी खालून वर न्याहाळल्या.

"यांना चौकट कुठाय? तोरण कशाला बांधायचं?"

पाच महिन्यांत हा प्रश्न आम्हाला एकदाही पडला नव्हता. गोल कडेवर चिकटवलेले हुक तासाभरात तोरणासकट खाली आले. बाबांनी भिंतीवर टिचकी मारली, पोकळ आवाज ऐकला आणि खिळ्याची पुडी मुकाट्याने परत खिशात घातली. मग आईलाच फायरप्लेसवरची फळी दिसली. दोन टोकांना दोन खिळे, मधे झेंडू आणि आंब्याची पानं, वर गणपती. छान दिसलं, खोटं कशाला बोलू.

लक्ष्मीपूजनाला आलेल्या मित्राने हौसेने शेकोटीचा रिमोट उचलला.

"अरे ठेव तो!" आई ओरडली. "झेंडू करपेल!"

एसी चालू होताच. तो आम्ही आणखी दोन अंशांनी खाली आणला.