करंजी फुटली

आमच्या गॅरेजमध्ये गाडी नाही, विमानाचा पंख आहे. गाडी बाहेर बर्फात भिजते. आम्ही राहतो ओहायोत, डेटनजवळ, म्हणजे राइट बंधूंच्या गावाशेजारी. सायकलचं दुकान सांभाळून त्यांनी विमान केलं, मग आपण संगणकाची नोकरी सांभाळून आरव्ही-७ नावाचं एक छोटं विमान का जोडू नये, असं चार वर्षांपूर्वी मला वाटलं. इथला कायदाही हौशी माणसाला धार्जिणा आहे. निम्म्याहून जास्त काम हौशी हातांनी झालेलं हवं, आणि विमानात शिरतो तिथे निदान दोन इंची अक्षरांत 'एक्सपेरिमेंटल' लिहायचं. बायको म्हणाली, "विमानावर कशाला? तुझ्या कपाळावर लिही."

पत्र्याला भोकं पाडणं, रिव्हेट ठोकून पत्रे सांधणं, इथवर मी माणसांत होतो. मग पेट्रोलच्या टाक्या आल्या.

या विमानात पंखाची पुढची कड हीच टाकी. दोन्ही मिळून ४२ गॅलन, म्हणजे एकेकीत जवळजवळ ८० लिटर. तिचा प्रत्येक सांधा, प्रत्येक रिव्हेट प्रोसील नावाच्या लगद्यानं बुजवायचा. दहा भाग पांढरं, एक भाग काळं, तेही वजनानं. म्हणून स्वयंपाकघरातला काटा गॅरेजमध्ये आला आणि तिथलाच झाला. पांढरी रेघ दिसेनाशी होईतो घोटायचं. वास गंधकाचा. हाताशी वेळ साधारण दोन तास, मग ते ऐकेनासं होतं.

घोटून झालं आणि माझं नाक खाजलं. बास. पुढच्या पाच मिनिटांत प्रोसील नाकावर, चष्म्याच्या दांडीवर, फोनवर, दाराच्या मुठीवर आणि मुठीवरून मुलीच्या भूगोलाच्या वहीत पोचलं. सांध्यात तेवढं जायचं राहिलं होतं. पत्रे जागेवर धरायला क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या खिळ्या लावतात, त्या शेकड्यांनी माखल्या. एकेक उपटायची, तिथे रिव्हेट ठोकायचा आणि उपटलेली खिळी धुवायला टाकायची.

रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. बायको टाकीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून लोखंडी ठोकळा धरायची, मी बाहेरून रिव्हेट ठोकायची गन चालवायचो.

"ठोक!"

"धरलंस ना नीट?"

"मी धरलंय. तू शेजारच्याच रिव्हेटवर आहेस."

आमच्या लग्नाच्या व्हिडिओत इतका संवाद नाही.

मागचा पत्रा बसवला की टाकी कायमची मिटते, आत पुन्हा हात जात नाही. त्याच्या आदल्या रात्री आईचा सांगलीहून फोन. मी व्हिडिओवर सगळं दाखवलं. ती म्हणाली, "अरे बाळा, ही तर करंजी! कडेला दूध लाव, बोटानं दाबत जा, मग कातण्यानं काप. कड सुटली की तळताना फुटणारच." मग जरा थांबून, "तयार मिळत नाही का रे विमान?"

टाकी वाळल्यावर परीक्षा. सगळी तोंडं बंद करायची, हवेच्या नळीवर फुगा चढवायचा, हळूच हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी. मुलीच्या वाढदिवसाचा उरलेला गुलाबी फुगा चढवला. मागच्या कडेला एका रिव्हेटपाशी मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. एवढ्याशा मोहरीसाठी मागच्या पत्र्याला पंजा जाईल एवढं भोक पाडलं, आतून लगदा चोपडला आणि भोकावर झाकण बसवलं. झाकणाला अर्थातच प्रोसील.

उजवी टाकी मी दम धरून केली. नाक खाजलं तर बायकोनं खाजवायचं, असं ठरलं होतं. रात्री फुगा टम्म होता. सकाळी पाहतो तर लोळागोळा! साबणाच्या पाण्यानं टाकीला अभ्यंगस्नान घातलं, पण बुडबुडा म्हणून नाही. मी पत्रा कापायचं हत्यार हातात घेतलं, तेवढ्यात शेजारचे आजोबा डोकावले. जन्मभर विमानदुरुस्तीत गेलेला माणूस. त्यांनी फुगा पाहिला, गॅरेजच्या भिंतीवरचं तापमान पाहिलं आणि म्हणाले, "रात्री गारठा होता. जेवून ये."

गारठ्यानं हवा आकसते, हे मी सांगलीत आठवीतच शिकलो होतो.

दुपारी गॅरेजमध्ये ऊन आलं तसा फुगा उठून बसला. इतक्यात आईचा फोन. "काय रे, फुटली का करंजी?"

"एक फुटली, एक टम्म."

"घाण्यात तेवढं चालायचंच. वजनकाटा धुतलास का?"